आयफोन १७ प्रो घेऊ का, आणि घरी किंमत किती सांगू?

पत्र जरा आवरून देतेय, मूळ पत्रात अर्धं पान नुसतं मित्राच्या फोनचं वर्णन होतं. कापलेल्यातलं कामाचं ते उत्तरात येईलच.

"ताई, मी कराडजवळच्या एका गावात राहतो, वय २८, खासगी फर्ममध्ये अकाउंट्स बघतो, हातात ४१ हजार येतात. चार वर्षं आयफोन १३ वापरतोय. बॅटरी हेल्थ ७७ वर आलीय, १२८ जीबी कायम फुल, मधेच हँग होतो, उन्हात तापतो. आमच्या भागातल्या बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ टाकायचं माझं पेज आहे, साडेनऊ हजार फॉलोअर्स आहेत. मित्राने १७ प्रो घेतलाय, भगवा कलर, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दुकानदार क्रेडिट कार्डवर २४ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय देतोय. १३ बाबांना देईन म्हणजे तोही वाया जाणार नाही. बाबांना किंमत साठ हजार सांगणार आहे, खरी सांगितली तर दिवाळीआधीच शिमगा होईल. घेऊ का?"

आधी ते साठ हजारांचं बघू, कारण पत्रातली तीच ओळ मी परत परत वाचली. १७ प्रो २५६ जीबी २०२५ मध्ये १,३४,९०० ला आला आणि तू घरी सांगणार साठ, म्हणजे ७४,९०० रुपये गायब करायचे. बरं साठच का? चाळीस का नाही, नव्वद का नाही? तुझ्या डोक्यात कुठेतरी हिशोब झालाय की साठचा फोन घेतला तर बाबा दोन दिवस कुरकुरतील, तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याला कौतुकाने दाखवतील आणि विषय संपेल. अकाउंट्सवाला माणूस आकडा असा हवेतून काढत नाही. तर माझ्या मते तुझं बजेट तूच लिहून पाठवलंयस. घरी तोंड वर करून सांगता येईल अशी किंमत साठ हजार, त्याच्या पुढचे पैसे तुला स्वतःलाच पटलेले नाहीयेत.

खोटं बोलू नकोस हे सांगायला मी बसलेली नाही, माझ्या आईला माझ्या मिक्सरची किंमत आजही अर्धीच माहितीय. पण मिक्सरला हप्ता नव्हता रे. इथे २४ महिने ५,६२० च्या आसपास कापले जाणार, पगाराचा जवळपास सातवा हिस्सा, आणि त्यातल्या एखाद्या महिन्यात विहिरीवरची मोटर जळली आणि बाबांनी रिवाइंडिंगला पैसे मागितले की तू काय सांगणार, साठ हजारांचा हप्ता एवढा कसा काय?

आता नो कॉस्टचं. यात जादू काही नाही, बँक व्याज लावतेच, कंपनी किंवा दुकानदार तेवढी सूट आधी देऊन ते झाकतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते. तू कार्डवर घेतोयस म्हणजे त्या झाकलेल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुझ्याच बिलात येणार. १५ टक्के दर धर, या रकमेवर २४ महिन्यांत व्याज एकोणीस हजारांच्या आसपास होतं, त्यावर जीएसटी ३,४०० च्या घरात, वर प्रोसेसिंग फी. तुला डेबिट क्रेडिट शिकवत नाही, फक्त दुकानदाराला विचार की हे पैसे कुठल्या ओळीत आहेत आणि त्याचा चेहरा बघ.

आणि वॉरंटी एक वर्षाची, हप्ते दोन वर्षांचे. यावर जरा थांबते कारण यात मी स्वतः होरपळलेय. २०२१ च्या शेवटी मी एक भारीतला फोन घेतला होता, अँड्रॉइड, कंपनीचं नाव घेत नाही, १८ हप्त्यांवर. चौदाव्या महिन्यात एक अपडेट आलं आणि दुसऱ्या दिवशी स्क्रीनच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला वॉरंटी संपलीय मॅडम, डिस्प्ले बदलावा लागेल, आणि जो आकडा सांगितला त्यात एक साधा नवा फोन आला असता. पुढचे चार महिने मी त्या हिरव्या रेघेचे हप्ते भरले. लोक विचारायचे ही थीम आहे का.

असो. तुझ्या तक्रारींकडे येऊ. चार तक्रारी आहेत, बॅटरी, स्टोरेज, हँग, तापणं, आणि यातल्या अडीच तर नवा फोन न घेता सुटतात.

बॅटरी ७७ म्हणजे तिचं वय झालं, फोनचं नाही झालं. अॅपल स्वतःच सांगते की १४ पर्यंतच्या आयफोनची बॅटरी ५०० फुल चार्ज सायकलनंतर ८० टक्क्यांवर येईल अशी बनवलेली असते, १५ पासून पुढे हाच आकडा १,००० केलाय. तू चार वर्षं वापरलीस, शर्यतीच्या दिवशी दोनदा चार्ज केली असशील, ७७ हे तसं गुणी पोर म्हणायचं. आणि हँगचं अर्धं कारण इथेच आहे. बॅटरी जुनी झाली की ती एकदम लागणारा करंट देऊ शकत नाही, फोन अचानक बंद पडू नये म्हणून सिस्टिम प्रोसेसरचा वेग खाली खेचू शकते. २०१७ मध्ये यावरून जगभर आरडाओरडा झाला होता, अॅपलला माफी मागावी लागली होती. बॅटरी हेल्थच्या पानावर जाऊन बघ, परफॉर्मन्स मॅनेजमेंटबद्दल काही लिहून आलंय का. अधिकृत सेंटरवर बॅटरी बदल, गल्लीतल्या दुकानात नको. खर्च आधी फोनवर विचारून घे, तुझ्या एका-दोन हप्त्यांच्या आसपास जाईल असा माझा अंदाज.

स्टोरेजचं मला कळलं कुठे जातंय, तू लिहिलंयस की सगळं ४के ६० वर, म्हणजे सगळ्यात बारीक चित्र आणि सेकंदाला ६० फ्रेम, असं शूट करतोस. अरे त्याच फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याखाली लिहिलेलं असतं बघ, ४के ६० चा एक मिनिट साधारण ४०० एमबी, १०८०पी ६० चा ९० एमबी. एक तास शूट केलंस की २४ जीबी गेले, आणि ते बघणार कोण, तर शेताच्या बांधावर बसून सहा इंची स्क्रीनवर रील बघणारी पोरं. गट आणि सेमीच्या फेऱ्या १०८०पी ६० वर घे ना, बैल पळताना तेही गुळगुळीतच दिसतात. फक्त फायनल ४के मध्ये घे आणि तेही एका कारणासाठी, ते कारण पुढे येतंय. बाकी व्हॉट्सअॅपमध्ये मॅनेज स्टोरेज उघड, एकेका ग्रुपने किती जीबी खाल्लेत ते दिसेल, भावकीच्या ग्रुपवरचे सुप्रभात आधी उडव. वीसेक जीबी मोकळे ठेवलेस की फोन आपोआप श्वास घेतो.

तापण्याचं मात्र खरं आहे, आणि इथे १७ प्रोची बाजू मी घेणार. त्यात व्हेपर चेंबर टाकलाय, म्हणजे आत एक चपटी सीलबंद डबी, त्यात थोडं पाणी, चिप तापली की त्याची वाफ होते, ती गार बाजूला जाऊन परत पाणी होते आणि उष्णता पसरते. बॉडीपण टायटॅनियम सोडून अॅल्युमिनियमची केलीय, अॅल्युमिनियम उष्णता चांगली वाहून नेतं म्हणून. हे सगळं चिपच्या उष्णतेसाठी झालं. पण आपल्याकडचं मार्च-एप्रिलचं माळरानावरचं ऊन चिपमधून येत नाही, वरून येतं. कंपनी आयफोन वापरायला म्हणून जे तापमान सांगते ते ० ते ३५ डिग्री, आणि आपल्याकडे ३५ ला लोक म्हणतात आज बरंय जरा. मित्राचा १७ प्रोसुद्धा भर दुपारी स्क्रीन डिम करणार. कव्हर काढून शूट कर, दोन फेऱ्यांच्या मधे फोन उपरण्याखाली सावलीत ठेव आणि चार्जिंगला लावून शूट करू नकोस, याने जेवढा फरक पडतो तेवढा पडतो.

आता मुख्य गोष्ट, झूम. प्रो घ्यायचं सगळ्यात वजनदार कारण हेच आहे आणि तू ते लिहिलंच नाहीयेस, भगवा कलर मात्र दोनदा लिहिलायस! बैलगाडा शर्यत म्हणजे लांबचा खेळ. झेंडा पडला की जोडी सुटते, तू निकालाच्या रेषेजवळ उभा असतोस, समोर धूळ, मधे माणसं, आणि जवळ जायची सोय नाही, जाऊही नये. १३ ला टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी वेगळी लेन्स, नाहीच, तू बोटांनी झूम करतोस तेव्हा चित्र नुसतं ताणलं जातं, म्हणून बैलाचं तोंड पिठल्यासारखं दिसतं. १७ प्रोमध्ये ४८ मेगापिक्सलचा ४ पट टेलिफोटो आहे, सेन्सरचा मधला भाग कापून ८ पटीपर्यंत चांगलं चित्र देतो. तुझ्या कामाला हे खरोखर लागू आहे, मी नाकारत नाही. बाकी प्रोरेस रॉ वगैरे जे आहे ते सिनेमावाल्यांसाठी, ते सोड.

पण नुसता १७ बघ आता. २०२५ मध्ये ८२,९०० ला आला, २५६ जीबी, १२० हर्ट्झ डिस्प्ले, म्हणजे सेकंदाला १२० वेळा बदलणारी गुळगुळीत स्क्रीन, साध्या मॉडेलला पहिल्यांदा यातच दिली, इतकी वर्षं ६० वरच अडवून ठेवलं होतं. प्रो आणि याच्यात ५२ हजारांचा फरक. त्या ५२ हजारांत तुला काय मिळतं तर टेलिफोटो, तो व्हेपर चेंबर, जरा जास्त ताकदीची चिप. म्हणजे तुझ्यापुरतं सरळ सांगायचं तर ५२ हजारांची लेन्स. ही लेन्स पैसे परत आणते का? तूच लिहिलंयस, पेजवरून आजवर दोन जाहिराती मिळाल्या, ट्रॅक्टर अॅक्सेसरीजच्या, मिळून साडेतीन हजार. मग उत्तर आत्ता तरी नाही.

आणि अर्धी लेन्स तुझ्या खिशात आहे, फायनल ४के मध्ये घ्यायचं हेच ते कारण. ४के चं चित्र १०८०पी पेक्षा लांबी-रुंदीला दुप्पट असतं. फायनल ४के वर घेतलीस आणि एडिटिंगमध्ये मधला भाग कापून १०८०पी ची रील काढलीस की २ पट झूम फुकटात मिळाला, चित्र न फाटता. ट्रायपॉड लाव, किंवा निदान कुंपणाच्या खांबाला टेकून उभा राहा. हात हलला की दीड लाखाचा फोनपण काही करत नाही.

तरी फोन बदलायचाच असेल, मन म्हणून काही असतं, मला कळतं, तर साठच्या आसपास काय आहे ते बघू. आयफोन १६ ची किंमत २०२५ मध्ये १७ आल्यावर ७९,९०० वरून ६९,९०० केली, आणि सणाच्या सेलमध्ये तो त्याच्याही खाली येतो. २०२४ मध्ये १५ चं हेच झालं होतं, तेही बरोबर दहा हजारांनीच. दर सप्टेंबरचा हा ठरलेला परिपाठ आहे. १६ मध्ये ४८ मेगापिक्सलचा मुख्य कॅमेरा आहे, त्यातून २ पट झूम चांगला मिळतो, वर टाइप सी. पण ६० हर्ट्झ आहे आणि सुरुवात १२८ जीबीपासून, तुझी सवय बघता तो १२८ दिवाळीतच भरेल.

झूमच हवा तर आयफोनचा हट्ट सोडून बघशील का? गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा जानेवारी २०२४ मध्ये १,२९,९९९ ला आला होता, ३ पट आणि ५ पट अशा दोन टेलिफोटो लेन्स, सात वर्षांच्या अपडेट्सचा शब्द दिलेला, म्हणजे २०३१ पर्यंत, आणि आता सेलमध्ये लाँच किमतीच्या खूपच खाली मिळतो. अँड्रॉइडच्या फ्लॅगशिपची किंमत उताराला लागलेल्या गाडीसारखी पडते, विकणाऱ्याचं नुकसान, थांबणाऱ्याची चंगळ. किंवा वापरलेला १५ प्रो मॅक्स, त्यात ५ पट झूम आहे. वापरलेला घेताना मात्र भोळेपणा नको. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढ, इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून स्पेस देऊन तो नंबर १४४२२ वर एसएमएस कर, फोन चोरीचा म्हणून ब्लॉक असेल तर कळतं. मूळ बिल माग. विकणाऱ्याला तुझ्यासमोर फाइंड माय, म्हणजे हरवलेला फोन शोधायची सोय, बंद करून त्याचा अॅपल आयडी काढायला लाव. आणि सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी दिसते, स्क्रीन किंवा बॅटरी बदललेली असेल आणि ती अस्सल नसेल तर तिथे लिहून येतं. विकणारा म्हणाला नंतर बघा ना घरी जाऊन, की तिथूनच परत फिर.

एआयचं तू विचारलं नाहीस पण दुकानदार सांगणार म्हणून सांगते. अॅपलचं एआय, म्हणजे अॅपल इंटेलिजन्स, १३ वर येत नाही, १५ प्रोपासून पुढे येतं. पण आत्ता तरी ज्या भाषांत ते चालतं त्यात मराठी नाही, आणि तुझ्या पेजवर तू जे लिहितोस, "नाद एकच, बैलगाडा", ते दुरुस्त करून द्यायला मशीन कशाला हवंय. २०२५ चं आयओएस २६ तुझ्या १३ वर व्यवस्थित चालतं, ११ पासूनच्या सगळ्यांवर चालतं, त्यामुळे फोन जुना झाला म्हणून अपडेट बंद अशी भीती आज तरी नाही. आणि जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ ला मोठे टीव्ही, एसी २८ वरून १८ वर आले तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं फोनपण उतरणार, पण फोन आधीपासूनच १८ वर होते, तिथेच आहेत. कोणी सांगितलं ना की जीएसटीमुळे स्वस्त झालाय, तर ते त्याच्या मनाचं.

मग करायचं काय. बॅटरी बदल, स्टोरेज मोकळं कर आणि डिसेंबरपर्यंत थांब. डिसेंबरात पुसेगावच्या यात्रेतली शर्यत असेल, तू जाणारच. त्या दिवशी मित्राचा १७ प्रो मागून घे, तो पण येणारच असेल मिरवायला, आणि एकच फायनल दोन्ही फोनवर घे, एक तुझ्या १३ वर ४के मध्ये, एक त्याच्या टेलिफोटोवर. दोन्ही रील पेजवर टाक, कुठल्या फोनची कुठली ते लिहू नकोस. कमेंटमध्ये लोक बैलाचं नाव विचारतात की क्वालिटीबद्दल बोलतात ते बघ. टेलिफोटोवाली खरंच दुप्पट-तिप्पट चालली, दोन-चार जाहिराती त्या जोरावर आल्या, तर मला परत लिही, मी स्वतः म्हणेन प्रो घे. आणि तेव्हा बाबांनाही खरा आकडा सांगता येईल कारण आकड्याच्या शेजारी कमाईचा आकडा असेल, शेतकरी माणसाला खर्च आणि उत्पन्न ही दोन कॉलमची वही तुझ्यापेक्षा जास्त कळते.

भगव्या कलरचं म्हणशील तर त्याचं कंपनीने दिलेलं नाव कॉस्मिक ऑरेंज आहे, भगवा आपण केला. १९ सप्टेंबर २०२५ ला मुंबईत बीकेसीच्या अॅपलच्या दुकानाबाहेर पहाटेपासून रांग आणि धक्काबुक्की झाली ती बातमी तू पाहिलीच असशील. घेतल्यावर तू पहिल्या दिवशी त्यावर कव्हर घालणार, तेही काळं, हे मी लिहून देते. त्या कव्हरचे पैसे वेगळे, चार्जरचे वेगळे कारण बॉक्समध्ये चार्जर येत नाही आणि तुझ्या १३ च्या लायटनिंग केबल्स १७ ला चालत नाहीत, गाडीतली एक आणि ऑफिसातली एक धरून सगळ्या केबल बदलायच्या.

राहिलं बाबांचं. त्यांना १३ देणार म्हणतोस, पण तू लिहिलंयस की ते गेली सहा वर्षं अँड्रॉइड वापरतायत, म्हणजे बॅक कुठे आहे इथपासून सुरुवात. ते सातबारा बघणार, कारखान्याचा मेसेज बघणार, भाच्याला व्हिडिओ कॉल करणार, आणि अडले की तुलाच फोन लावणार, तो कसा लावायचा हे सुद्धा आधी तुलाच शिकवावं लागेल. आणि देतोयस काय तर ७७ टक्के बॅटरीचा, हँग होणारा, भरलेला फोन, जो तुला स्वतःला नकोय. त्यांना बदलून द्यायचाच असेल तर बारा-पंधरा हजारांचा मोठ्या आवाजाचा, मोठ्या बॅटरीचा अँड्रॉइड घे. घेण्याआधी त्यांना दुकानात घेऊन जा, हातात धरून बघू दे, रिंगटोन वाजवून बघू दे. आणि त्याची किंमत त्यांनी विचारली तर सरळ सांग, ती सांगताना तुला काही अडचण यायची नाही.